डब्यात उरलेला चिंचोका

स्वस्ति. अखिल-पेती-राफ्रे-ग्राम-बालगण-गणन-धुरंधरा, चिंचोका-कोशागार-स्वामिनी, दुग्धचूर्ण-पत्रपात्र-धारिणी, दशक-ग्रंथि-बंधन-पटीयसी, गलन्नासिका-परिमार्जन-दीक्षिता, विलंबागत-सहायक-भस्मकारी-कटाक्ष-संपन्ना, परमादरणीय श्रीमती बाईसाहेब यांच्या चरणकमलांशी, म्हणजे ज्या निळ्या रबरी सपातांचा डावा पट्टा प्रत्येक पावसात सुटत असे त्या सपातांशी, देवळामागील पत्र्याच्या बालशाळेचा विद्यमान प्रमुखाचार्य, एकमेवाचार्य आणि झाडलोटाचार्य याचे शिरसाष्टांग दंडवत.

बाई,

एवढे लिहून झाले, आता थोडे साधे लिहिता येईल. मला भीती वाटली की माझे समास लांबतात, हे निदान प्रथम तुम्हीच केले होते. मी तुमचा मदतनीस म्हणून रुजू झालो त्याच्या पहिल्याच आठवड्यात एका मुलाने नाकात हरभरा घातला. मी 'नासिकाविवरात धान्यकणाचा प्रवेश झाला आहे' असे काहीतरी ओरडत तुमच्याकडे धावलो. तुम्ही त्या मुलाची दुसरी नाकपुडी दाबून त्याला शिंकरायला लावलेत, हरभरा फरशीवर पडला, आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "भ्यालास का रं? लई मोठं मोठं बोलाय लागलास." माझी मराठी ग्रंथांतून आली होती आणि तुमची आजोबांबरोबर जहाजातून. त्यामुळे माझे सगळे ऐकत आणि तुमचे सगळ्यांना कळत असे.

आज समास फार लांब आहेत, कारण पोलीस ठाण्याच्या खांबावर दोन बावटे आहेत. सकाळी एक लाल बावटा होता, अकरा वाजता दुसरा चढला. आपल्या बेटावर चक्रीवादळसुद्धा मोजूनच येते, हे तुम्ही मुलांना किती सहज शिकवत होता: एक बावटा म्हणजे कान उघडे ठेवायचे, दोन म्हणजे खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, तीन म्हणजे बस बंद आणि माणसे घरात, चार म्हणजे आता मोजण्यासारखे काही उरले नाही. मुले हाताची बोटे उभी करून खांबाकडे बघत आणि तुम्हाला सांगत. मी मागे उभा राहून त्याच बोटांकडे बघत असे. आता दुपारचे दोन वाजले आहेत. मुलांना घरोघर पाठवून झाले आहे. मी शाळेत एकटा बसलो आहे, आणि समोर तुमचा तो दुधाच्या पावडरीचा डबा आहे. डब्यात एक चिंचोका आहे. तो कुणाचा हे मला ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते, आणि तेच सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे.

मी आलो तेव्हा माझ्याकडे एक प्रशस्तिपत्रक होते, त्यावर एक शिक्का होता, आणि त्या शिक्क्याच्या बळावर मी फळ्यावर एक ते वीस अंक लिहून मुलांकडून ते घोकून घेतले. तिसऱ्या दिवशी सगळी मुले वीसपर्यंत म्हणू लागली. काही मराठीत म्हणत, काही बेटाच्या क्रिओल बोलीत, पण एका सुरात. मी तुम्हाला कृतकृत्य मुद्रेने बोलावले. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाला जवळ घेतलेत, चिंचोक्यांचे मडके त्याच्यापुढे सरकवलेत आणि म्हणालात, "मला सात दे." त्याने एक मूठ दिली. तुम्ही त्याच्याकडे बघितलेत. रागाने नव्हे. एक भुवई किंचित वर, ओठ मिटलेले, जणू समोरचा स्वतःहून काही सांगेल म्हणून वाट बघावी, असे ते बघणे होते. मुलाने मूठ उघडली. पाच निघाले. तुम्ही मला म्हणालात, "ह्याला गानं येतं. मोजनं येत नाय." एवढीच माझी आयुष्यातली पहिली आणि पुरेशी निर्भर्त्सना. फळा मी त्याच दुपारी पुसला.

मग मी शिकलो. दहा चिंचोके झाले की फडक्यात त्यांची गाठ मारायची आणि तिला 'एक दहा' म्हणायचे. उसाचे कांडे हातात द्यायचे आणि पेरे बोटाने चाचपून मोजायला लावायचे, डोळे मिटून. मुठीत चिंचोके लपवायचे, दोन बाहेर ठेवायचे, आणि 'सात होते, आत किती?' असे विचारायचे; मुले मुठीकडे अशी बघत की जणू आत जिवंत पाखरू आहे. भाषेचा तुम्हाला कधीच विटाळ नव्हता. एक मुलगी 'येक, दे, तीन, कात' असे अर्धे आईचे मराठी आणि अर्धे रस्त्याचे क्रिओल मोजायची. मी दुरुस्त करायला गेलो तर तुम्ही मला थांबवलेत. "बोट बघ तिचं. बोट चुकतंय का?" बोट चुकत नव्हते. प्रत्येक शब्दाला ते एकाच चिंचोक्यावर टेकत होते.

पण तुमचा सगळ्यांत मोठा विधी सकाळचा. मूल दारात आले की मडक्यातून एक चिंचोका घ्यायचे आणि डब्यात टाकायचे. घरी जाताना डब्यातला एक काढायचे आणि मडक्यात परत टाकून 'मी गेलो' म्हणायचे. एक जीव, एक चिंचोका. डबा रिकामा झाला की शाळा सुटली. मला हे सारे बालिश वाटे. माझ्याकडे हजेरीवही होती, तिच्यात लाल शाई होती. तुमचा डबा आणि माझी वही दोन सोवळ्या भटजींसारखे एकाच खोलीत राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. मी रोज मुलांच्या मागून, घामाघूम होऊन येत असे, कारण बस, आणि रोज तुमच्या आधी जात असे, कारण बस. निघताना वळून बघितले की तुम्ही डब्यात हात घातलेला असे. मला वाटे, या बाईला मोजण्याचे व्यसन आहे.

बारा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तो दिवस आला. सकाळी दोन बावटे होते, तरी निम्म्याहून जास्त मुले आली होती, कारण आईबापांना छपरे बांधायची होती आणि मुले पायांत येत होती. दहा वाजता रेडिओने सांगितले की तिसरा दुपारपर्यंत चढेल. त्या धांदलीत मी हजेरी घेतली नाही. लाल शाईची बाटली उघडलीच नाही. कोण आले, कोणाला आजीने अर्ध्या वाटेवरून परत नेले, कोण त्या दिवशी आलेच नव्हते, यातले काहीही मला ठाऊक नव्हते. तुम्ही लांबच्या वस्तीवरची आठ मुले निवडलीत, प्रत्येकाला डब्यातून चिंचोका काढायला लावलेत, त्यांना एकमेकांच्या सदऱ्याचे टोक धरायला लावून रांग केलीत आणि मला म्हणालात, "बाकीच्यांना घ्यायला येतील. डबा बघ आन् मग दार लाव. मी ह्यांना सोडून येते." किल्ली एकच होती. ती तुम्ही माझ्या हातात दिलीत.

मी डबा बघत नव्हतो. मी खिडकीतून उसाकडे बघत होतो. ऊस अजून उभा होता, पण त्याची पाने एकाच दिशेला झोपली होती, आणि त्यांचा आवाज येत होता तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आया येत, मुलाचे नाव घेत, मूल डब्याकडे धावे, मग दोघे डोक्यावर गोणपाट घेऊन पळत. एका मुलाला त्याच्या बापाने खांद्यावर टाकूनच नेले. त्याने चिंचोका काढला की नाही मी पाहिले नाही. खोली रिकामी झाली. तेवढ्यात रस्त्यावर शेवटच्या बसचा भोंगा वाजला. मी डब्यात बघितले. तळाशी एक चिंचोका होता.

मी दोनदा हाक मारली. कुणाला मारतो आहे हे ठाऊक नसताना हाक मारणे किती भयंकर असते, ते मी कुठल्याच ग्रंथात वाचले नव्हते. बाकांखाली बघितले, कपाटामागे बघितले, फडक्यांच्या ढिगावर पाय मारून बघितला. मागच्या पडवीत, जिथे देवळाचे मोठे हंडे उपडे घातलेले असत आणि जिथे लपणे ही मुलांची आवडती क्रीडा होती, तिथे बघितले नाही. तिथे जायला बाहेर पडून वळसा घालावा लागे, आणि बस पुन्हा ओरडत होती. मी स्वतःला सांगितले, कुणीतरी काढायचा विसरला. मग मी एक गोष्ट केली जी आजवर कुणाला सांगितली नाही. मी तो चिंचोका उचलला आणि खिशात टाकला. मडक्यात नाही टाकला. खिशात टाकला. डब्यात राहिला असता तर तुम्हाला दिसला असता.

दार लावले, कुलूप घातले, बस पकडली. बस वळणावर मंदावली तर तुम्ही समोरून येत होता, एकट्या, पदर डोक्याला गच्च बांधून. तुम्ही मला खिडकीत बघितलेत आणि हात वर केलात.

"डबा?"

"रिकामा, बाई."

"येकपन नाय?"

"एकही नाही."

आणि तुम्ही माझ्याकडे तसे बघितलेत. एक भुवई वर, ओठ मिटलेले, वाट बघणारे. मूठ उघडण्याची संधी होती ती. पण बस सुटली, आणि माझ्या एका खिशात चिंचोका होता व दुसऱ्यात शाळेची एकुलती एक किल्ली, आणि दोन्ही खिसे सारखेच जड होते.

पुढच्या गावी घरी पोचलो तेव्हा आई दाराखाली फडकी कोंबत होती. तिसरा बावटा चढला, मग रेडिओ बंद पडला, मग चौथा चढला की नाही हे विचारण्याचेही कुणाला भान राहिले नाही. पत्रा असा थरथरत होता की बोललेले ऐकू येत नव्हते. मी त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होतो आणि मुले मोजत होतो. पहिल्या बाकावरची चार. दुसऱ्यावरची, त्यांत तो हरभऱ्याचा मुलगा. खिडकीजवळची, 'येक, दे, तीन' वाली मुलगी. ती आज आली होती का? आली होती. तिला कोण घेऊन गेले? आठवेना. तिचा बाप? की तो काल आला होता? पुन्हा पहिल्या बाकापासून. प्रत्येक वेळी बेरीज वेगळी आली, आणि प्रत्येक वेळी त्या बेरजेच्या शेवटी एक मूल पडवीतल्या उपड्या हंड्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेले होते आणि बाहेर येण्याआधी माझ्या हाकेची वाट बघत होते.

"आरं, बस की जरा," आई म्हणाली. "वारा काय तुझ्या येरझाऱ्यांनी थांबनार हाय?"

"मातोश्री, प्रभंजनाच्या या तांडवात पादचलनास—"

"पोटात दुखतंय का तुझ्या?"

मी हो म्हणालो. तिने ओवा दिला. मी ओवा खाल्ला. माझ्या अपराधाला मिळालेला दंड हा एवढाच, बाई, एक चिमूट ओवा आणि मीठ.

वारा उतरल्यावर मी चालत निघालो, कारण बस नव्हती आणि रस्ताही निम्मा नव्हता. ऊस आडवा होता, एखादा प्रचंड प्राणी त्याच्यावर लोळून गेल्यासारखा. तारा लोंबत होत्या. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मी शाळेकडे बघत होतो. शाळा उभी होती, छपराचे दोन पत्रे सोडून. आणि दार उघडे होते. वरच्या बिजागरीवर लटकलेले, तिरके, खालची बिजागरी उखडून वाकडी झालेली, कुलूप मात्र कोयंड्यात शाबूत. आत कुणी नव्हते. पडवीत गेलो. हंडे एकेक करून उलटले. एकाखाली बेडूक होता. बाकी काही नाही.

तुम्हाला वाटेल मला हायसे वाटले असेल. उलट झाले. दार आतून कुणीतरी ढकलून मोडले, असे माझ्या मनाने घेतले. मूल आत होते, घाबरले, दार मोडून वाऱ्यात बाहेर पडले. पाच वर्षांचे मूल एवढे दार मोडेल का, असला तर्क मला सुचला नाही. भीतीला तर्कशास्त्राचे प्रशस्तिपत्रक नसते. मी हजेरीवही काढली. एकतीस नावे. त्या दिवशी कोण आले होते हे सांगता येत नव्हते, म्हणून मी ठरवले की एकतीसच्या एकतीस डोळ्यांनी बघायचे. घरोघर गेलो, चौकशीच्या निमित्ताने, 'छप्पर कसे आहे' असे विचारत आणि बोलणाऱ्याच्या कमरेखाली कुठले डोके दिसते का ते बघत. नाव दिसले की लाल खूण. पहिल्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी सव्वीस. सहाव्या दिवशी तीस.

एक नाव उरले. खिडकीजवळची, अर्धे आईचे आणि अर्धे रस्त्याचे मोजणारी. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, बाप तिला आणि तिच्या आईला घेऊन माएबूर्गला गेलाय, आजीचे घर पडलेय म्हणून. "पोर होती ना बरोबर?" मी विचारले. शेजारीण म्हणाली, "आसंल की. मी काय मोजली व्हय?"

तीन दिवस मी तसा राहिलो. जेवलो, असे आई सांगते. नवव्या दिवशी ती मुलगी दारात उभी राहिली. तिने मडक्यातून एक चिंचोका घेतला, डब्यात टाकला आणि आपल्या जागी जाऊन बसली, जणू जगात काही घडलेच नव्हते. मी हजेरीवहीत खूण केली ती कागदाच्या आरपार गेली. तुम्ही फडक्यात गाठ मारत होता. मान वर न करता म्हणालात, "झालं तुझं मोजून?"

मी म्हणालो, "कसले, बाई?"

तुम्ही म्हणालात, "काय नाय," आणि दुसरी गाठ मारायला घेतलीत.

त्यानंतर शाळा चालवणाऱ्या मंडळाची सभा झाली. नुकसानीचा वृत्तांत वाचण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मी तो असा वाचला की चिटणीस दोनदा खुर्चीतच सरळ बसले. वायुदेवाने आपल्या अदृश्य भुजांनी विद्यामंदिराचे कवाड कसे उत्पाटित केले, लोहनिर्मित बिजागरीचा कसा चुराडा केला, याचे वर्णनच मी दहा मिनिटे केले. त्याच वायुदेवाने शेजारच्या खिडकीच्या चारही काचांना धक्का लावला नव्हता, हे मी त्यात घातले नाही, कारण मला ते दिसलेच नव्हते. तुम्ही शेवटच्या रांगेत सपातेच्या पट्ट्याला टाचणी लावत बसला होता. चिटणिसांनी विचारले, बाई, काही भर घालायची आहे का? तुम्ही म्हणालात, "वारा लई जोराचा व्हता, खरं हाय."

दाराला नवीन बिजागरी मिळाली नाही. तीच ठोकून सरळ केली आणि परत बसवली. तेव्हापासून दार लोंबते. तुम्ही पुढे आणखी काही वर्षे शिकवलेत, मग पाय सुजू लागले, मग शाळा माझ्याकडे आली आणि तुम्ही गेलात. बो बासें गावी भाचीकडे शेवटचे दिवस काढत होता तेव्हा मी तुम्हाला भेटायला आलो होतो, तीन वेळा. तिन्ही वेळा खिशात तो चिंचोका होता. एकतीसच्या एकतीस जिवंत होती, हे खरे. पण डब्यात एक उरला होता, हेही खरे, आणि ही दोन सत्ये माझ्या डोक्यात कधी शेजारी बसली नाहीत. तुम्हाला विचारायचे तर आधी खोटे बोललो हे सांगावे लागले असते. म्हणून पहिल्या भेटीत मी हवेबद्दल बोललो, दुसऱ्या भेटीत मंडळाबद्दल, आणि तिसऱ्या भेटीत तुम्हाला ऐकू येत नव्हते, तेव्हासुद्धा मी हवेबद्दलच बोललो.

गेल्या जानेवारीत ती मुलगी शाळेत आली. आता अठरा वर्षांची आहे, शिवणकामाच्या कारखान्यात जाते, धाकट्या भावाला दाखल करायला आणला होता. मी भावाला डब्याचा विधी समजावून सांगत होतो. ती दाराला टेकून हसत ऐकत होती.

"मिस्ये," ती म्हणाली (मुलांच्या तोंडी मी 'मिस्ये' आणि तुम्ही 'मिस'), "आता तुमचा कोन टाकतं?"

"माझा काय?"

"चिंचोका. मिस टाकायची ना. सकाळी पयला तुमचा, मंग आमचे."

मी खाली बसलो. लहान मुलांच्या बाकावर बसलो, गुडघे हनुवटीशी आले. तिला वाटले मी गंमत करतो आहे.

"आयो, मिस्ये, तुमाला ठाव नाय? आमी इचारायचो, मिस्ये तर अजून आला नाय, त्याचा कशाला? तर मिस म्हनायची, तो उशिरा येतो, पन येतो. त्यालापन मोजाया लागतं. तो लई भितो. तुमी गेलात की ती काढायची. आमाला म्हनायची, त्याला सांगू नका हां, मोठ्या मानसाला लाज वाटती."

मग मी त्या वादळाच्या दिवसाबद्दल विचारले. आवाज सहज ठेवण्याचा प्रयत्न केला. तिने सांगितले ते तिच्या आईचे सांगणे. आई खिडकीला फळी ठोकत होती. तुम्ही रस्त्याने आलात आणि पहार मागितलीत. आई म्हणाली, बाई, तिसरा बावटा लागला, कुठे जाता? तुम्ही म्हणालात, "येक मोजायचा राह्यलाय." तिचा बाप म्हणाला, मी येतो, पण त्याच्या छपराचा दोर सुटत होता. तुम्ही पहार घेऊन गेलात. दार खालून उचलून काढलेत. आत बघितलेत, पडवीत बघितलेत, हंडे बघितलेत. मग वारा एवढा वाढला की परत येता आले नाही, म्हणून देवळाच्या दगडी भिंतीला पाठ लावून तो उतरेपर्यंत बसून राहिलात. "दुसऱ्या दिशी पहार आनून दिली," ती म्हणाली, "वाकडी. बाबा अजून म्हनतो, आमची पहार मिसनं वाकडी केली."

मी 'एकही नाही' म्हणालो, बाई, तेव्हा तुम्हाला ठाऊक होते की एक उरायलाच हवा, कारण तो माझा होता आणि मी तो काढणे शक्य नव्हते. म्हणजे तुम्हाला कळले की मी खोटे बोलतो आहे. लपवलेला फक्त माझाच, एवढे कळले असते तर तुम्हाला घरी जाता आले असते. पण खोटे बोलणाऱ्याने एक लपवला की दोन, माझा की आणखी कुणाचा, हे कळायला मार्ग नव्हता, आणि किल्ली माझ्या खिशात पुढच्या गावी निघाली होती. ते मूल हंड्याखाली असेल, ही भीती बारा वर्षे एकट्या माझी आहे असे मी समजत आलो. ती आधी तुमची होती. आणि तुम्ही ती घेऊन शाळेकडे गेलात. मी बसमध्ये बसलो.

डबा रिकामा नव्हता. हे वाक्य लिहायला एवढी पाने लागली. कुठे पाठवायचे हे ठाऊक नसल्यामुळे पत्र मडक्यात, चिंचोक्यांच्या तळाशी ठेवीन. मुले तिथपर्यंत पोचत नाहीत. जानेवारीपासून मी रोज सकाळी स्वतःचा चिंचोका डब्यात टाकतो आहे, तोच, खिशातला, ज्याच्या एका कडेचा टवका उडाला आहे. खरे सांगायचे तर त्याने काही होत नाही. स्वतःचा स्वतः टाकलेला चिंचोका मोजल्यासारखा वाटत नाही.

आज बाकांखाली अकरा वेळा बघितले. पडवीत चार वेळा गेलो. हजेरी आणि डबा दोन्ही जुळतात. एक उरला आहे तो माझा, तो काढायचा आणि निघायचे. खांबाजवळ आता कुणीतरी उभे आहे, म्हणजे तिसरा चढेल. पण दाराचे काय करायचे ते मला कळत नाही. बिजागरीबद्दल मंडळाला तीन अर्ज दिले, तिन्ही शुद्ध मराठीत, बहुधा म्हणूनच कुणी वाचले नाहीत. एक सुतार येऊन माप घेऊन गेला, तो मापाची पट्टी इथेच विसरला आणि ती न्यायलाही आला नाही. हे दार दोन्ही हातांनी उचलून धरल्याशिवाय चौकटीत बसत नाही, आणि बसल्यावर सोडले की पुन्हा खाली येते. एरवी कुणा पालकाला धरायला सांगतो, आज सगळे गेले. दोन हात दार उचलण्यातच गुंततात, बाई, आणि किल्ली फिरवायला तिसरा लागतो.